भवानीचं गिऱ्हाईक

बसवनगुडीतल्या त्या घरात राहायला गेले तेव्हा पहिले काही दिवस मला सारखं वाटायचं की इथे कुठेतरी पूजा चालली आहे आणि आपण चपला घालून तिच्यामधून फिरतोय. जिन्यात चंदनाचा वास, न्हाणीत केवड्याचा, दोरीवर वाळत घातलेल्या ओढणीला उदाचा. घराच्या रस्त्याकडच्या अंगाला उदबत्तीचं दुकान होतं, मागे अंगण, आणि अंगणात दोन बायका पुढ्यात पाट घेऊन बसायच्या. बांबूच्या काडीवर काळसर मसाला ठेवायचा आणि तळहाताने पाटावर वळायचा, त्याचा सुर्र सुर्र असा एकसारखा आवाज सकाळपासून माझ्या खोलीपर्यंत यायचा. आमच्या जतच्या घरात मला जाग यायची ती गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजाने, कारण वडील ज्या पिठाच्या गिरणीत कामाला होते तिच्या भिंतीला भिंत लावूनच आमची खोली होती. त्यामुळे कुणाच्या तरी हातांच्या कामाचा आवाज ऐकत उठणं मला नवं नव्हतं. नवा होता तो वास. मी आईला फोनवर सांगितलं होतं की इथे माझ्या पुस्तकांनासुद्धा देवाचा वास येतो, आणि आईने लगेच विचारलं होतं की मग अभ्यास सुटला का, देवळात बसतेस का दिवसभर.

दुकान अण्णांचं. त्यांचे पूर्वज तीनेकशे वर्षांमागे फौजेबरोबर इकडे आले आणि इकडचेच झाले, असं ते सांगत. घरात मराठी टिकली होती, पण तिच्यात कानडी इतकी मुरली होती की कुठली कुठे संपते ते त्यांनाही सांगता आलं नसतं. 'स्वल्प थांब गं', 'सरी, मग दे', असं त्यांचं बोलणं; स्वल्प म्हणजे जरा आणि सरी म्हणजे बरं. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणायला लागले. अक्का सकाळी चित्रान्न, म्हणजे लिंबाचा फोडणीचा भात, करायच्या, त्यात शेंगदाणे जरा जास्तच तळलेले असायचे, आणि मला भाकरीची आठवण येत असेल म्हणून आठवड्यातून एकदा ज्वारीचं पीठ मळायला बसायच्या. भाकरी त्यांना थापता यायची नाही. ती तव्यावर नकाशासारखी व्हायची. मी ती न हसता खायचे आणि त्या मला न हसता वाढायच्या.

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिलीच. जतच्या मराठी शाळेत आमच्या इंग्रजीच्या बाईंनी मला रोज वर्गासमोर उभं करून धडा मोठ्याने वाचायला लावला नसता, तर मला कोरमंगलातल्या त्या कंपनीने दारातसुद्धा उभं केलं नसतं. कंपनी लहान होती. इथला माल चीनमधल्या लोकांना विकायची. चहा, मिरची, उदबत्ती, असं काय काय. विकायची पद्धत अशी की दुकानातूनच मोबाईलवर थेट प्रक्षेपण करायचं, तिकडे लोक ते बघत बघत प्रश्न विचारणार, आवडलं तर तिथल्या तिथे मागवणार. बोलायला चेंगदू शहराकडची एक मुलगी होती, मेई. तिला चिनी आणि कामापुरतं इंग्रजी यायचं. मला मराठी, कानडी आणि बाईंचं इंग्रजी. अण्णांचं बोलणं मी तिला सांगायचं आणि हातात काड्या धरून कॅमेऱ्यासमोर न्यायच्या, हे माझं काम, म्हणून खोलीही कंपनीने अण्णांच्या घरातच घेऊन दिली होती. माझा चेहरा दिसायचा नाही, हात दिसायचे. उदबत्तीचा हा उद्योग चालतो का ते बघू आणि दसऱ्याला ठरवू, असं आमचे विनय सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते. चालला तर मी कायम, नाहीतर परत जत. तिकडे वडिलांनी गिरणीत दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला माझी नोकरी सांगून ठेवली होती, त्यामुळे परत जाणं म्हणजे अख्ख्या गावाला उत्तर देणं होतं.

आता विचार करते तेव्हा वाटतं, काचेतून वास विकायचा हा केवढा अवघड प्रकार. पहिल्या रविवारी मेईने एक सोनेरी खोका उघडला, भारीतली चंदनाची उदबत्ती, आणि छान बोलली. कुणी काही मागवलं नाही. त्याऐवजी प्रश्न यायला लागले. काडी मोडून दाखवा, आतून रंग कसा आहे. पेटवा, राख सरळ पडते की वाकडी. धूर पांढरा आहे की काळा. यात मध घालता ना, मग तो डबा दाखवा. अण्णा आयुष्यभर गल्ल्यामागे बसलेले, त्यांच्याकडे गिऱ्हाईक यायचं ते 'नेहमीचं द्या' म्हणत. असे प्रश्न त्यांना कुणी विचारले नव्हते. मला वाटलं ते चिडतील. पण ते उठले, आतून मधाचा डबा घेऊन आले, बोट बुडवून चाखलं आणि मला म्हणाले, ही माणसं चांगली आहेत, विचारून घेतात. विचारून घेतलेला माल माणूस टाकून देत नाही.

त्यानंतर त्यांना त्यात गंमत वाटायला लागली. वास कसा आहे असं कुणी विचारलं की ते डोळे मिटून सांगायचे. ऊद म्हणजे पेटीतून बाहेर काढलेली लग्नातली शाल. मोगरा म्हणजे गांधी बझारात फुलवाल्याने संध्याकाळी टोपल्यांवर पाणी शिंपडलं की येतो तो. केवडा म्हणजे हुशार माणूस, पण स्वल्प जास्त बोलणारा. मी ते इंग्रजीत सांगायचे, मेई चिनीत, आणि पडद्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागायची. बघणाऱ्यांनी स्वतःला टोपणनावं घेतलेली असत. एक होती झोपाळू मांजर, एक तांदळाचा लाडू. अण्णांना ती पाठ झाली. शटर वर करतानाच विचारायचे, मांजर आली का. अक्का कॉफी आणून ठेवताना मला म्हणायच्या, "इतकी वर्षं संसार केला, माझ्याशी कधी एवढं बोलले नाहीत. आता काचेतल्या मांजरीला मोगरा समजावतात."

प्रक्षेपण संपलं की मेई आमच्याकडेच जेवायची. नूडल्सचं पाकीट घेऊन यायची आणि त्यात अक्कांचं लिंबाचं लोणचं घालायची, इतकं की अक्कांनी तिच्यासाठी वेगळी बरणी भरली. जेवताना ती तिकडच्या गोष्टी सांगायची. तिच्या लहानपणी घरात एक कपाट होतं, त्यात भेट म्हणून आलेले लाल-सोनेरी खोके असायचे. परदेशी नाव असलेला खोका सगळ्यात वर. ते कुणी उघडायचं नाही, सणाला दुसऱ्या कुणाला द्यायचे. बिस्किटांचा एक डबा फिरत फिरत पुन्हा त्यांच्याच घरी आला होता, तिच्या आईने झाकणावरच्या पोच्यावरून ओळखला. आणि आता तीच आई मोबाईलवर डोंगरातल्या एका शेतकऱ्याला शेंगा सोलून दाखवायला सांगते आणि मग पावशेर मागवते. मेईच्या वयाच्या मुली नाव बघत नाहीत, वाईट शेरे आधी वाचतात. ज्या मालाला एकही वाईट शेरा नाही त्यावर त्यांचा विश्वास बसत नाही. थोडंसं घेतात, वापरून बघतात, मग खरं काय ते सगळ्यांना लिहून सांगतात. मोठ्या शहरात एकट्या राहतात, दिवसभर काम करतात आणि घरी येऊन एक काडी लावतात. कुणाला द्यायला नाही, कुणाला दाखवायला नाही. हे ऐकताना मला त्या अनोळखी मुलींचं फार कौतुक वाटायचं. बाजार त्यांना काय विकेल याची वाट न बघता, आपल्याला काय हवं ते बाजाराला सांगायला शिकलेल्या. आमच्या दुकानातले सोनेरी खोके तसेच राहिले आणि लहान कागदी पुड्या संपायला लागल्या.

भवानीची गोष्ट मधेच कधीतरी झाली. दुकान उघडल्यावर पहिली विक्री होते ती भवानी, अण्णा तिला कानडीत बोणी म्हणायचे. पहिल्या गिऱ्हाइकाचे पैसे अण्णा दोन्ही डोळ्यांना लावायचे, मग कपाळाला, मग भिंतीवरच्या देवीच्या तसबिरीपुढे धरून गल्ल्यात टाकायचे. आमच्याकडे दुकान उघडायची वेळ म्हणजे तिकडे दुपारच्या जेवणाची. एका रविवारी शटर वर केलं, प्रक्षेपण सुरू झालं, आणि रस्त्यावरचं एकही माणूस यायच्या आत मेईच्या मोबाईलवर टिंग झालं. तांदळाच्या लाडूने एक पुडी मागवली होती. ती दिवसाची पहिली विक्री होती, पण हातात नोट नव्हती. अण्णा क्षणभर गोंधळले. मग त्यांनी मेईच्या हातातून मोबाईल घेतला, त्यावरची ती मागणी डोळ्यांना लावली, कपाळाला लावली, देवीपुढे धरली, आणि मोबाईल परत दिला. तिकडच्या लोकांना त्यांच्या पडद्यावर आधी अण्णांच्या पापण्या दिसल्या असणार, मग कपाळाचं कुंकू, मग देवी. मग एकदम सगळ्यांनी विचारलं की आजोबांनी हे काय केलं. मेईने मला विचारलं, मी सांगितलं. तांदळाच्या लाडूने लिहिलं की इतकी वर्षं मी वस्तू घेते आहे, पण मी घेतलं म्हणून कुणाला असा आनंद झालेला बघितला नव्हता.

विनय सरांनी तो तुकडा ऑफिसात पुन्हा पुन्हा बघितला. मला बोलावून म्हणाले की उदबत्ती सगळेच विकतात, आपल्याकडे हे आहे. प्रत्येक मागणी अशीच कपाळाला लावायची, प्रत्येकाला दिसलं पाहिजे. त्यात त्यांचं वाईट काही नव्हतं, त्यांनाही हा उद्योग चालवायचाच होता. दसरा जवळ आला होता. मी बसमधून येताना वाक्यं जुळवत आले. अण्णा पायरीवर बसून मोडक्या काड्या वेगळ्या करत होते. मोडक्या काड्या ते फेकत नसत, शेजारच्या शाळेतल्या मुलांना गणितासाठी देत. मी शेजारी बसले आणि सांगून टाकलं.

"जमणार नाही," ते म्हणाले.

"अण्णा, नुसता मोबाईल डोळ्यांना लावायचा."

"नुसता असता तर लावला असता."

मग ते हळूहळू बोलले. पहिलं गिऱ्हाईक दुकानाचं दार उघडतं, म्हणून त्याला नमस्कार. नंतरच्या प्रत्येकाला दार तूच उघडलंस असं सांगायचं म्हणजे पहिल्यालाही फसवायचं आणि शेवटच्यालाही. आणि ही माणसं काडी मोडून बघतात, ती हेही मोडून बघतील. एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुझी नोकरी यावर आहे काय गं?"

"आहे."

त्यांनी हातातल्या काड्या खाली ठेवल्या. "मग करतो. देवी समजून घेईल. पण तू सांग, करू?"

त्यांनी नाही म्हटलं असतं तर सोपं होतं. मी ऑफिसात सांगितलं असतं, म्हातारे ऐकत नाहीत. पण माझ्यासाठी ते आपला नमस्कार मोडायला तयार झाले होते, आणि विचारत होते मला. अंगणात पाटावर सुर्र सुर्र चाललं होतं. मी म्हटलं, "नको, अण्णा." ते सरी म्हणाले आणि पुन्हा काड्या निवडायला लागले.

पुढच्या रविवारी मेईने बघणाऱ्यांना सरळ सांगितलं की भवानी दिवसाला एकच असते, आजोबा दुसरी करणार नाहीत. त्या दिवशी मागण्या कमी आल्या, हे खरं आहे. विनय सर फक्त दसऱ्याआधीच्या रविवारी मी स्वतः येऊन बघतो म्हणाले. पण झोपाळू मांजरीने एक ओळ लिहिली होती, ती मेईने मला वाचून दाखवली. बरं झालं, एकच असेल तर मी रविवारीसुद्धा जेवणाच्या वेळेआधी उठेन. आणि खरोखर, त्यानंतर शटर वर जायच्या आधीच तिकडे लोक जमायला लागले. अण्णा कुलूप काढतात, पाणी मारतात, देवीला फूल वाहतात, हे सगळं ते गप्प बसून बघायचे. ज्याला भवानी मिळे त्याचं बाकीचे अभिनंदन करायचे. मला तर वाटायचं, आमच्या गल्लीतच सगळे उभे आहेत.

त्यातच एकदा कुणीतरी विचारलं की काड्या धरणाऱ्या त्या हातांनी स्वतः काय घेतलंय. मेई म्हणाली, त्यांना तू काय वापरतेस ते हवंय, जाहिरातीतल्या नटीपेक्षा तुझ्यावर त्यांचा जास्त विश्वास आहे. मी खरं ते सांगितलं. काही नाही. पगार आला की घरी पाठवते, माझ्यापुरतं ठेवते ते जेवणाचं आणि बसचं. खोलीला वास फुकटच येतो. मेईने ते तिकडे सांगितलं आणि मग माझ्याकडे वळून विचारलं की या गावात आल्यापासून स्वतःसाठी तू काय विकत घेतलंस. मी खूप आठवलं. छत्री सांगितली. ती म्हणाली, छत्री पावसासाठी घेतलीस.

दसऱ्याआधीचा तो रविवार आला. विनय सर दुकानातल्या स्टुलावर बसले होते, अक्कांनी त्यांना कॉफी दिली होती. अण्णांनी कुलूप काढलं, पाणी मारलं, फूल वाहिलं. मेई बोलायला लागली. तिकडे नेहमीपेक्षा जास्त लोक जमलेले दिसत होते, पण टिंग होईना. मी ऊद दाखवला, मोगरा दाखवला, काडी मोडून दाखवली. काही नाही. प्रश्नसुद्धा नाहीत. विनय सरांच्या कॉफीवर साय धरली आणि ते ती न पिता मोबाईलकडे बघत राहिले. मी हात कॅमेऱ्यापुढून मागे घेतले. माझ्या डोळ्यांपुढे जतचा स्टँड यायला लागला, बॅग घेऊन उतरणारी मी, आणि गिरणीच्या दारात पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवयांचे वडील. मला वाटलं, त्या दिवशी अण्णांना नको म्हटलं तिथेच हे ठरलं होतं.

मग पडद्यावर एक लांबलचक ओळ आली. मेईने ती वाचली, पुन्हा वाचली, आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागली. तिने मला जे सांगितलं ते मी अण्णांना मराठीत सांगायचं होतं, ते माझं कामच होतं, पण मला ते सांगता येईना. शेवटी विनय सरांनी सांगितलं. त्या सगळ्यांनी आपापसात ठरवलं होतं की आजची भवानी कुणी घ्यायची नाही. ती काड्या धरणाऱ्या मुलीची. ती स्वतःसाठी काही घेईपर्यंत कुणी काही मागवणार नाही.

अण्णा म्हणाले, घरच्याकडून पैसे कुठे घेतात. अक्का दारातच उभ्या होत्या. "आज ती गिऱ्हाईक आहे," त्या म्हणाल्या. "बाहेर जा गं, पायरीवरून आत ये नीट."

मी दुकानाच्या मागच्या दाराने रोज येणारी. त्या दिवशी वळसा घालून रस्त्यावर गेले, चपला काढल्या आणि पुढच्या पायरीने आत आले. अण्णा गल्ल्यामागे बसले होते, आणि त्यांनी मला कधी बघितलंच नसावं तसं विचारलं, "काय देऊ, अम्मा?"

रोज हाताळलेल्या त्या वासांतून एक निवडायला मला इतका वेळ लागेल असं वाटलं नव्हतं. आईला चंदन आवडतं, वडिलांना काहीही चालतं. ते बाजूला सारून मला काय आवडतं ते शोधावं लागलं. मी बकुळीची पुडी मागितली, सगळ्यात लहान. तिचा वास कसा, हे अण्णांनी कधी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. मी पर्समधून नोट काढून दिली. त्यांनी ती डोळ्यांना लावली, कपाळाला लावली, देवीपुढे धरली. कितीतरी रविवारांनी भवानीला त्यांच्या हातात कागदाची नोट आली होती. ती गल्ल्यात पडली आणि मेईचा मोबाईल वाजायला लागला, तो इतका वाजला की अंगणातल्या बायका पाट सोडून बघायला आल्या. आवाज जरा कमी झाला तेव्हा विनय सरांनी गार झालेली कॉफी एका घोटात संपवली आणि स्वतःसाठी केवडा मागितला. अण्णांनी त्यांना तो नेहमीसारखाच दिला, पैसे सरळ गल्ल्यात.

उदबत्तीचा तो उद्योग चालला. मी त्या गावात राहिले, पुढे बरंच काही झालं. मेई काही वर्षांनी परत गेली आणि अजून लोणच्याची बरणी मागते. आता मीही मोबाईलवर काही घेताना वाईट शेरे आधी वाचते आणि पहिल्यांदा थोडंसंच मागवते. हे मला कुणी शिकवलं ते मुलांना सांगते तेव्हा त्यांना त्या सगळ्या माझ्या शाळेतल्या मैत्रिणी वाटतात.

त्या रविवारी दुपारी मी खोलीत जाऊन वडिलांना फोन केला. मागे गिरणी चालू होती, म्हणून आम्ही दोघंही मोठ्याने बोलत होतो. नोकरी पक्की होईल असं सांगितलं. मग सांगितलं की आज एक वस्तू विकत घेतली. काय घेतलीस, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, उदबत्ती.

"देवासाठी?"

"नाही. माझ्यासाठी. खोलीत लावायला."

पलीकडे फक्त गिरणीचा आवाज येत राहिला. मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही. मग तो आवाजही थांबला, त्यांनी पट्टा उतरवला असावा.

"वास चांगला आहे का?"

"चांगला आहे, बाबा."

"मग लाव की," ते म्हणाले, "मी धरतो फोन."